अळणी मधुमेह

उकंडरावांच्या घरात आजवर एकही बैठक शेवटाला गेलेली नव्हती. यात कुणाच्या स्वभावाचा दोष नव्हता. उकंडरावांना दर पाव तासाला लघवीला कुपाटीमागं जावं लागे, एवढंच. ते उठले की बैठक थांबे. ते परत येईतो कुणी पान लावी, कुणी बैलांना पाणी दाखवायला जाई, कुणाला पाचची मोटार आठवे, आणि विषय जिथल्या तिथं राही. चुलत्यांशी वाटणी अशीच एकोणीस वर्षं राहिली होती. धाकट्या बहिणीच्या वरातीत घोडा कुणी लंगडा केला, याचा निकाल लागायच्या आत घोडा म्हातारा होऊन मेला.

झुंबरबाईंनी ही गोष्ट लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ओळखली आणि पुढची पस्तीस वर्षं घर याच एका जोरावर चालवलं. नको असलेला निकाल जवळ येऊ लागला की नवऱ्यापुढं कपबशी सरकवायची. बाकीचं तो चहा बघून घेई.

वैशाखातली ही बैठक सुनेची होती, म्हणून झुंबरबाईंनी सकाळीच शेरभर दूध जास्तीचं घेऊन ठेवलं.

सून म्हणजे रुख्मिणी, कडूबाची बायको. माहेर साखरखेर्डा, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. हे गाव उत्तरेला, जळगाव जामोदच्या खाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथल्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. प्यायचं गोडं पाणी सोनाळ्याच्या बाजूनं, अब्दुल गनीच्या बैलगाडीवरच्या पिंपातून येई. उकंडरावांच्या घरामागं त्यांचे वडील नारायणराव यांनी खणलेली चौतीस हात विहीर होती. घडीव दगडाची, पायऱ्यांची, चार गावांत नाव असलेली. तिचं पाणी सगळ्यांत खारं होतं. पण नारायणरावांची थोरली लेक मनकर्णाबाई विधवा होऊन तीस वर्षं भावाकडं राहत होत्या, आणि त्यांच्या कानावर त्या विहिरीबद्दल 'खारं' हा शब्द जाऊ द्यायचा नाही असा घराचा कायदा होता. पाणी 'जड' आहे असं म्हणायचं. नवी नवरी म्हणून आली त्या दिवशी रुख्मिणीनं पहिला घोट घेतला आणि 'खारट हाय की हे' म्हणाली. मनकर्णाबाईंनी ते ऐकलं आणि ठेवून दिलं.

मागच्या दिवाळीपासून रुख्मिणीला तहान लागली. लागली ती गेलीच नाही. दिवसाला तीन घागरी पाणी पोटात जाई आणि तेवढंच बाहेर पडे. न्याहारीला बसली तर भाकरी राहू दे, लोटा आधी. सोनाळ्याच्या एका बाईनं लिंबू उतरवलं, दर्ग्यातून ताईत आला, एका वैद्यानं उन्हात बसायला सांगितलं. उन्हात बसल्यावर तिला आणखी तहान लागली, तेव्हा वैद्य म्हणाला की औषध लागू पडतंय. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि कडूबा, जो गावच्या शाळेत चौथीला शिकवायचा, बायकोला घेऊन नांदुऱ्याहून गाडीत बसला आणि नागपूरला गेला.

तिथल्या डॉक्टरांनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं. आत जाणारं पाणी मोजलं, बाहेर येणारं मोजलं, आणि कडूबाला समजावून सांगितलं. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती शरीराला एक रस पाठवून कळवते की पाणी धरून ठेव. हिची ग्रंथी कळवत नाही. आजार दुर्मीळ आहे, पण पाणी आणि औषध मिळालं तर बाई शंभर वर्षं जगेल. पाणी तोडलं तर मात्र आठवडाही जायचा नाही. सोबत एक इंग्रजी चिठ्ठी दिली, आणि भुकटीची एक बाटली. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर नाकात ओढायची. ती भुकटी कुठल्या जनावराच्या ग्रंथीपासून करतात हेही त्यांनी सांगितलं. कडूबानं ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

घरी येऊन कडूबानं सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी एवढंच विचारलं, की हरभऱ्याएवढ्या वस्तूसाठी रेल्वेनं जावं लागतं काय.

बाटली पहिल्याच दिवशी उकंडरावांनी ताब्यात घेतली. नाकात ओढायची म्हणजे तपकीर, आणि या घरात तपकीर एकच माणूस ओढतो, असं त्यांनी सुनेला सासूमार्फत कळवलं. बाटली त्यांच्या उशाच्या कोनाड्यात गेली.

मग चिठ्ठी उरली. चिठ्ठीवर आजाराचं नाव होतं 'डायबेटीस इन्सिपिडस'. पहिला शब्द कडूबाला येत होता. मधुमेह. त्याबरोबर घरातल्या साखरेच्या डब्याला दोरी बांधली गेली. पण चिठ्ठीत पुढंच लिहिलं होतं, की लघवीत साखर मुळीच नाही. साखरखेर्ड्याची पोरगी आणि साखर नाही, याचं उकंडरावांना दिवसभर आश्चर्य वाटत राहिलं. तेव्हा कडूबानं शाळेच्या कपाटातला कोश काढला. 'इन्सिपिड' या शब्दाला तीन अर्थ दिले होते: नीरस, बेचव, अळणी. यांतला घरच्यांना चटकन कळेल असा शब्द त्यानं निवडला. तो मास्तर होता. सोपा शब्द निवडायची त्याला सवय होती.

"हा अळनी मधुमेह हाये," तो म्हणाला.

मनकर्णाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. अळणी म्हणजे मिठाचं कमी, हे त्यांना कोशात बघावं लागलं नाही. आणि मीठ कुठं आहे, हेही त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. फक्त बोलता येत नव्हतं.

"मंग तिले जड पानी द्या," त्या म्हणाल्या.

नीरस म्हटलं असतं तर काही झालं नसतं, बेचव म्हटलं असतं तरी झालं नसतं, हे कडूबानं नंतर खूप वेळा मनाशी म्हटलं. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या रांजणाच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली मनकर्णाबाईंच्या कमरेला गेली. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा सुनेशी गोड वागू लागल्या. स्वतः पोहरा सोडून विहिरीचं पाणी काढायच्या, गाळून द्यायच्या, रुख्मिणी पीत असताना समोर बसून कौतुकानं पाहायच्या. बाबांची विहीर चौतीस हात खणली ती कशासाठी, हे त्यांना आता उमगलं होतं.

*

रुख्मिणीला चौथ्या दिवशी लोट्याचा राग येऊ लागला. पाणी प्यायचं म्हणजे तहान जायला हवी. हे पाणी पोटात गेलं की तहान दुप्पट होऊन परत यायची. जीभ जोड्याच्या तळासारखी झाली होती. उभं राहिलं की अंगण फिरायचं. ती कडूबाला म्हणाली, की मास्तर, तो शब्द पुन्हा एकदा बघा. कडूबानं पुन्हा बघितला. तोच होता.

अब्दुल गनीची गाडी दिवसाआड येई. तो पाणी ओतायला रांजणाकडं गेला की ती बाहेर येऊन पिंपाच्या तोटीला तोंड लावी. गनी परत आला की आधी गाडीपलीकडून खाकरायचा आणि मग बराच वेळ बैलांची शिंगं तपासत उभा राहायचा. त्यानं काही पाहिलं नाही, हे त्याला शपथेवर सांगता यावं अशी त्याची इच्छा होती. त्या सकाळी मात्र त्यानं खाकरलं आणि पलीकडून उत्तर आलं नाही. ती चाकाला टेकून खाली बसली होती. तोटीपर्यंत तोंड नेण्याचं बळ तिच्यात नव्हतं. गनीनं ओंजळीनं पाणी पाजलं आणि झुंबरबाईंना जाऊन सांगितलं.

"भाबी, माफ करा, पर मी गाव-गाव पानी वाटतो. पानी पिऊन सुकनारा मानूस मी पैला पायला. पोरगी चालली तुमची."

झुंबरबाईंनी ते मनाशी ठेवलं. त्याच दिवशी बैठक होती. त्यांनी गनीला सांगितलं की गाडी आज दारातच उभी ठेव.

बैठक बोलावली होती ती रुख्मिणीच्या वडिलांमुळं. मुलीचं पोस्टकार्ड पोचल्याबरोबर तुळशीराम चिखली, खामगाव अशा मोटारी बदलत दुसऱ्या दिवशी दारात उतरले, ते डोक्यावर कळशी घेऊन. कळशीत साखरखेर्ड्याचं पाणी होतं. व्याह्याच्या घरी पाणी घेऊन येणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळं काय बोलावं हे कुणालाच सुचेना. मनकर्णाबाईंना सुचलं. पाहुण्यांची वस्तू जपून ठेवली पाहिजे, असं म्हणून त्यांनी कळशी उचलली आणि रांजणाच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं.

दुपारी ओसरीवर घोंगडी अंथरली. उकंडराव मधोमध, एका अंगाला तुळशीराम, एका अंगाला कडूबा, आणि खांबाला टेकून मनकर्णाबाई. बायकांत बैठकीला बसायचा मान त्या एकट्यांचा होता. झुंबरबाई उंबऱ्याच्या आत चुलीशी. त्यांच्यामागं अंधारात रुख्मिणी. गनी गाडीपाशी, ऐकू येईल इतक्या अंतरावर बैलांच्या खुरांना काहीतरी करत होता.

तुळशीरामांनी आधी शांतपणे सांगितलं, की पोर आजच्या आज घेऊन जातो. आमच्याकडं विहिरीला गोड पाणी हाय, ती पिईल तेवढं पिऊ द्या. मनकर्णाबाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, की औषध अर्ध्यावर सोडत नसतात. सव्वा महिना जड पाणी पोटात गेलं पाहिजे. चारच दिवस झालेत, आणि चार दिवसांत डोळे किती मोठे दिसायला लागले पोरीचे, पाहा.

"डोळे मोठे नाई झाले, आत्या. तोंड लहान झालं," कडूबा म्हणाला. मग त्यानं चिठ्ठी काढली आणि आपण निवडलेला शब्द चुकला असावा असं सांगायला सुरुवात केली. उकंडरावांनी त्याला थांबवलं. सरकारी शाळेतल्या कोशात चूक असेल तर उद्या पोरांचं काय व्हायचं, हा मुद्दा त्यांना मोठा वाटला. त्यावर पाव तास गेला.

झुंबरबाईंनी घड्याळ नसताना पाव तास ओळखला आणि पहिला चहा बाहेर सरकवला.

उकंडरावांनी चहा घेतला आणि बोलत राहिले. नारायणरावांच्या काळापासून घराची रीत होती, की बैठकीतून उठून माहेरी गेलेली सून परत येत नसते. तेव्हा तुळशीराम इवायांनी काय ते समजून घ्यावं. तुळशीराम म्हणाले, की मुलगी मेल्यावर तरी परत द्याल का, की तीही रीत नाही. मनकर्णाबाई म्हणाल्या, की मरायची भाषा या ओसरीवर नको, ही विहीर खणली तेव्हा इथं सत्यनारायण झाला आहे.

आता उठतील, असं झुंबरबाईंनी मनाशी धरलं. ते उठले की त्या रुख्मिणीला मागच्या दारानं गनीच्या गाडीत बसवून देणार होत्या. सोनाळ्याला त्यांची मावसबहीण होती. तिथं चार दिवस गोडं पाणी प्यायला मिळालं असतं. आणि बैठकीतून उठून गेली असं कुणाला म्हणता आलं नसतं, कारण त्या वेळी बैठक थांबलेली असती. पण उकंडरावांना ओसरीवरून परसाकडचं मागचं दार सरळ दिसे. ते बसलेले असताना जाता येत नव्हतं.

उकंडराव बसलेले होते.

झुंबरबाईंनी दुसरा चहा दिला. मग मोठा गडवाभर ताक. मग कैरीचं पन्हं. ते तुळशीरामांसाठी म्हणून गेलं आणि कडूबाच्या हातून बापापुढं आलं. उकंडराव मिळेल ते पीत होते आणि विषय पुढं नेत होते. त्यांना स्वतःलाही मजा वाटू लागली होती. एखादा मुद्दा धरून सलग बोलता येतं, हे सुख त्यांना पस्तीस वर्षांत मिळालं नव्हतं. चुलत्यांच्या वाटणीचाही आज निकाल लावून टाकावा काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. जिल्हा परिषदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, ठराव हा शब्द हवेत होता, आणि उकंडरावांनी आयुष्यातला पहिला ठराव मांडला: सूर्य मावळायच्या आत रुख्मिणीनं सांगावं. जड पाणी पिऊन इथं राहायचं, नाहीतर गोडं पाणी प्यायला माहेरी जायचं. कायमचं.

मनकर्णाबाईंनी हो म्हटलं. तुळशीरामांना दोन्हींतलं एक हवं होतं, पण ते असं नको होतं.

"बोलव तिले," उकंडराव बायकोला म्हणाले.

बोलवावं लागलं नाही. रुख्मिणी भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली. पदर पुढं ओढलेला, ओठ फुटलेले. ती काय निवडणार हे ऐकायला गनीनं बैलाचा पाय खाली ठेवला.

"मले पानी बी पायजे आन घर बी," ती म्हणाली.

तुळशीरामांनी मान खाली घातली. त्यांच्याकडं कुणी 'मले' म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी 'मला' म्हणत या घरात आली होती. पत्रात तिनं ते कधी कळू दिलं नव्हतं. परतीच्या मोटारीत ती बसणार नाही, हे त्यांना त्या एका शब्दात कळलं.

उकंडरावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की दोन्ही मिळत नसतं. ठरावात एकच आहे. आणि त्यांनी पन्ह्याचा दुसरा पेला तोंडाला लावला.

तेव्हा झुंबरबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. पस्तीस वर्षांत त्या बैठकीत आल्या नव्हत्या. घोंगडीच्या कडेला उभं राहून त्यांनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. कपाळावर घाम होता आणि एक हात पोटावर होता.

"तुमी उठून काऊन नाई राह्यले?"

उकंडरावांना प्रश्न कळला नाही.

"दोन चहा झाले. गडवाभर ताक झालं. पन्हं झालं. सूर्य कुठं गेला पाहा. तुमी सकाळपासून कुपाटीमागं किती डाव गेले?"

उकंडराव विचार करू लागले. विचार करता करता त्यांचा चेहरा बदलत गेला. एखादी रोजची वस्तू घरातून नाहीशी झालेली ध्यानात यावी तसा. पहाटे एकदा गेलो होतो, ते म्हणाले. त्यानंतर लागलीच नाही. पोटात मात्र मुरडा येतोय.

"बाबाच्या विहिरीचा गुन," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पण उकंडराव विहिरीचं पाणी पीत नव्हते. पस्तीस वर्षांत त्यांनी ते प्यायलं नव्हतं आणि हे त्यांच्या बहिणीखेरीज सगळ्यांना माहीत होतं. कडूबानं हळूच विचारलं, की बाबा, तुमची तपकीर संपली होती ना परवा. बाजार तर अजून झाला नाही.

मग उकंडरावांनी बंडीच्या खिशातून बाटली काढून घोंगडीवर ठेवली. सकाळपासून तीन चिमटी, ते म्हणाले. झणका काहीच नाही, शिंकही येत नाही, म्हणून तिसरी जरा मोठी घेतली.

कडूबा उभा राहिला. चौथीच्या वर्गाला शिकवतो त्याच आवाजात तो बोलायला लागला आणि या वेळी त्याला कुणी थांबवलं नाही. जे रुख्मिणीचं शरीर करत नाही तेच ही भुकटी करते. पाणी धरून ठेव म्हणून सांगते. ज्या माणसाला दर पाव तासाला उठावं लागतं तो माणूस साऱ्या पट्ट्यातलं पाणी पिऊन सकाळपासून बसून आहे, याहून मोठा दाखला नागपूरच्या डॉक्टरांकडंही नव्हता. आजार खरा आहे. औषध खरं आहे. चूक माझ्या शब्दात आहे.

उकंडरावांनी बाटली उचलली. उचलली ती जरा लाजूनच, कारण ती सुनेची होती. सून सासऱ्यासमोर येत नसे आणि सासरा सुनेच्या हातात काही देत नसे. त्यांनी झाकण काढलं, तळहातावर चिमूटभर भुकटी घेतली आणि हात उंबऱ्याकडं लांब केला.

"ओढ, पोरी."

"मामाजी, तुमच्यासमोर?"

"मी पायत नाई," उकंडराव म्हणाले, आणि तोंड फिरवून बैलांच्या शिंगांकडं बघत राहिले. गनीनं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

रुख्मिणीनं पदराआड भुकटी ओढली. आता पाणी हवं होतं, आणि ते होतं त्या खोलीच्या किल्लीकडं सगळे बघू लागले. मनकर्णाबाईंनी किल्ली मुठीत धरली होती. त्यांना रडू येत नव्हतं. तेवढं पाणी त्यांनी कधी वाया घालवलं नव्हतं.

"म्हंजे बाबाचं पानी तिले लागू नाई?" त्यांनी भावाला विचारलं. "जड हाये म्हनून?"

उकंडराव सत्तरीला आले होते आणि बहीण त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी होती. नारायणराव गेले तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली होती, की विहीर बुजवू नका. घरात तीन पिढ्या झाल्या, गावात दोनशे उंबरे, आणि तीस वर्षांत एका सुनेखेरीज कुणी हे तोंडातून काढलं नव्हतं.

"खारं हाये, बाई," उकंडराव म्हणाले.

मनकर्णाबाईंनी किल्ली घोंगडीवर ठेवली आणि त्या उठल्या. विहिरीकडं न जाता उलट्या बाजूनं, रस्त्याकडं गेल्या. अशा रीतीनं या घराची निकालापर्यंत आलेली पहिली बैठक मोडली, आणि ती दुसऱ्याच माणसाच्या उठण्यानं मोडली.

*

ज्या माणसाला एखादी गोष्ट सगळ्यांत उशिरा कळते तोच ती गावभर सांगत फिरतो. उकंडरावांचं तसंच झालं. बाटल्या टपालानं नागपूरहून येऊ लागल्या, रुख्मिणीच्या गालांवर मांस आलं, तहान एका घागरीवर आली. आणि उकंडराव, जे आता पुन्हा दर पाव तासाला उठू लागले होते, प्रत्येक उठण्याबरोबर कुणाला तरी गाठून मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी काय वस्तू असते ते सांगू लागले. हरभरा खिशात असे. दाखवायला.

सुनेसारख्या आणखी कितीजणी कुठं कुठं चाकाला टेकून बसल्या असतील, हा विचार त्यांच्या मनात झुंबरबाईंनी घातला, पण दवंडीची कल्पना त्यांची स्वतःची. आषाढ लागायच्या आधीच्या बाजारी डफ वाजला. ज्या कुणाला रात्रंदिवस तहान लागते, प्याल तेवढं बाहेर जातं, आणि लघवीला मुंगी लागत नाही, त्यानं उकंडरावांच्या घरी यावं. बाधा नाही, करणी नाही, मेंदूतला रस कमी आहे. आलेल्याला गोडं पाणी पाजलं जाईल आणि मास्तर नागपूरची चिठ्ठी लिहून देतील.

शेवटच्या वाक्यातलं पहिलं कलम दवंडीत घालायला नको होतं, असं कडूबाचं मत होतं. पण या खेपेला शब्द बापानं निवडले होते.

दुसऱ्या दिवशी दारात त्रेसष्ट माणसं होती. अख्ख्या खारपाणपट्ट्याला हा आजार झालेला होता. कुणी लोटा घेऊन आलं, कुणी घागर, एकजण बैल घेऊन आला आणि बैलालाही तीच लक्षणं असल्याचं म्हणाला. प्रत्येकजण तहानेचं वर्णन इतकं मनापासून करत होता की कडूबाला एकालाही खोटं म्हणता येईना. गनीचं पिंप सकाळीच अर्धं झालं. यात खरं आजारी कोण, हे ओळखायला नागपूरला आठ दिवस लागत होते. त्रेसष्टांना आठ-आठ दिवस म्हणजे किती, याचा गुणाकार मास्तरांनी केला आणि पाटी खाली ठेवली.

तेव्हा मनकर्णाबाई पोहरा घेऊन आल्या. बैठकीपासून त्या फारसं कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांनी दारात पाट मांडला आणि ओळीतल्या पहिल्या माणसाला लोटाभर पाणी दिलं.

"माह्या बाबाच्या विहिरीचं हाये," त्या म्हणाल्या. "खारं हाये. पी."

त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आपल्याला जरा बरं वाटतंय असं सांगून गेला. दुसरा गेला. बैलवाला बैलासकट गेला. मनकर्णाबाई प्रत्येकाला लोटा देत होत्या आणि प्रत्येकाला विहिरीचं खारेपण स्वतःच्या तोंडानं सांगत होत्या. सांगताना त्यांचा आवाज दर वेळी थोडा मोकळा होत होता. बारा वाजायच्या सुमाराला अंगण रिकामं झालं. ओळीच्या शेवटी एक वाळलेली, पंचविशीची बाई उरली होती. सोनाळ्याच्या पलीकडून चालत आली होती. सोबत कुणी नव्हतं.

मनकर्णाबाईंनी तिला लोटा दिला. ती एका दमात प्यायली आणि लोटा परत पुढं केला. त्यांनी पुन्हा भरून दिला. तोही तिनं संपवला. खारं आहे की काय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"रुख्मिने," मनकर्णाबाईंनी आत हाक मारली. "इकडं ये. तुही मानसं आली."

रुख्मिणी बाहेर आली. तिला काही विचारावं लागलं नाही. ओठ, डोळे, बोटं, सगळं तिनं आरशात पाहिलेलं होतं. तिनं नाव विचारलं. बाई म्हणाली, सोजरा. घरचे काय म्हणतात, असं विचारल्यावर म्हणाली, की पाण्यातली हडळ लागली म्हणतात, म्हणून सांजपासून सकाळपर्यंत पाणी देत नाहीत. रुख्मिणी म्हणाली, की आमच्याकडं अळणी म्हणत होते.

सोजराला हसावं की काय ते कळेना. रुख्मिणीनं गोड्या पाण्याची घागर आणून तिच्यासमोर ठेवली आणि लोटा तिच्या हातात दिला. पहिल्या दोन लोट्यांनंतर सोजरा थांबली, सवयीनं आजूबाजूला पाहू लागली, लोटा खाली ठेवू लागली.

"पी," रुख्मिणी म्हणाली. "इथं कोनी मोजत नाई."